‘आधी’ या शब्दाचा अर्थ

प्रस्तुत वार्षिक अंकासाठी, ख्रिस्ती शास्त्रात व नित्याच्या व्यवहारात आध्यात्मिक गोष्टींना पहिली जागा देणे म्हणजे काय, या विषयावर चार शब्द लिहावे अशी संपादकमंडळाची मला सूचना आली, तेव्हा माझा पहिला विचार असा झाला की, हे काम एखाद्या विद्वान पाळकसाहेबांचे आहे. ज्याने सारा जन्म मुलांना गणित शिकविण्यात घालविला अशा मनुष्याचे नव्हे. परंतु नकार कळविण्यासाठी कागद पुढे ओढला आणि मनात आले की, गणिताच्या शिक्षकाने तरी दुसरे काय शिकविले? पदावली सोडविताना कंस आधी, मग भागाकार व गुणाकार, मग बेरीज व वजाबाकी, हा क्रम ‘कंचेभागुबेव’ या एका विचित्र शब्दात बांधून मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतला. आकडे सगळे बरोबर असूनही केवळ क्रम चुकल्याने उत्तर चुकते, हे मी फळ्यावर जितक्या वेळा दाखविले तितके दुसरे काही दाखविले नसेल. आयुष्यातही तसेच आहे. आणि ते मला फळ्यावर नव्हे, तर एका विहिरीच्या काठी शिकावयास मिळाले. तीच हकीकत येथे सांगतो.

माझा जन्म अहमदनगर जिल्ह्यातील (या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले) एका लहानशा खेड्यात, ख्रिस्ती शेतकरी कुटुंबात झाला. वडील गावच्या मंडळीच्या पंचांपैकी एक होते. आमच्या घरात ‘आधी’ हा शब्द दिवसातून कितीदा उच्चारला जाई याची गणती नाही. सकाळी आधी प्रार्थना, मग चूल; रात्री आधी शास्त्रवाचन, मग भाकरी; पेरणीच्या दिवशी आधी बांधावर उभे राहून देवाचे आभार, मग पाभर; पिकाचा पैसा हाती आला की आधी दशमांश, मग वाण्याची उधारी. आम्हा मुलांना भूक लागून पोटात कावळे ओरडत असत. तरी वडिलांचा ‘आधी’ कधी मागे सरकला नाही. त्यामुळे, देवाला पहिली जागा कशी द्यावी हे साऱ्या गावाला आमच्या घराकडे बोट दाखवून शिकविता येईल, असे मला दहा वर्षांच्या वयात मनापासून वाटत असे.

आजोबांच्या पश्चात सहा एकर जमीन वडील व धाकटे काका यांच्यात वाटली गेली. विहीर काही वाटता येत नाही. ती सामाईक राहिली. पाण्याच्या पाळ्या आजोबा हयात असतानाच ठरवून गेले होते. सोमवार ते बुधवार वडिलांची मोट, गुरुवार ते शनिवार काकांची. रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी बैल सोडलेले, मोट थारोळ्यात उपडी पडलेली, आणि विहीरही जणू विसावा घेत आहे, असा आमच्या मळ्याचा शिरस्ता होता.

१९७१ साली पाऊस फार थोडा झाला. विहिरीचे पाणी खाली खाली जाऊ लागले. शनिवारी सायंकाळी तळ दिसे, आणि रविवारच्या विसाव्यात झऱ्यांतून जे काही पाझरे त्यावर सोमवारची मोट चाले. अशात नोव्हेंबर महिन्यातल्या एका रविवारी रात्री काकांनी बैल जुंपले. त्यांचा कांदा जळत होता. सोमवारी पहाटे वडील मळ्यात जाऊन पाहतात तो थारोळे ओले आणि विहीर रिती!

वडील तसेच काकांच्या दारी गेले. चार माणसे गोळा झाली. “आबांच्या मळ्यात प्रभूचा दिवस मोडलास!” हे वडिलांचे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले. काका एवढेच म्हणाले, “दादा, कांदा जळत होता.” पुढे ही गोष्ट पंचांपुढे गेली; पाळकसाहेबांनी काकांना बोलावून सौम्य शब्दांत समज दिली. त्या दिवसापासून काकांनी प्रार्थनामंदिरात पाऊल टाकणे सोडले, आणि दोघा भावांचे बोलणे बंद झाले. त्या वर्षीच्या नाताळात करंज्यांचे ताट या घरातून त्या घरात गेले नाही. मला मात्र वडिलांचा अभिमान वाटत होता. देवाच्या आज्ञेसाठी सख्ख्या भावाचीही भीड न धरणारा मनुष्य माझा पिता आहे, हे मी शाळासोबत्यांना छाती फुगवून सांगत असे.

जानेवारी १९७२ मध्ये रविवारच्या शाळेची परीक्षा होती, आणि तिच्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मुखोद्गत करावयाचा होता. त्याच आठवड्यात सुगीच्या उपकारस्तुतीची उपासना यावयाची होती. या उपासनेला आमच्याकडील मंडळी आपापल्या शेतातील धान्य, भाजी, कोंबडी, अंडी असे जे असेल ते प्रभूपुढे आणून ठेवितात, व उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होऊन येणारी रक्कम मंडळीच्या कामाला लागते. शनिवारी रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी वडिलांनी मला अध्याय म्हणून दाखविण्यास सांगितले. मी हात बांधून उभा राहिलो व धडाधड म्हणू लागलो. धन्य कोण कोण ते झाले, मीठ झाले, दिवा झाला, आणि मग तो भाग आला, जेथे प्रभू असे सांगतो की, कोणी आपले दान वेदीपाशी आणिले असता, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे त्याला आठवले, तर त्याने दान तेथेच ठेवून आधी जाऊन भावाशी समेट करावा.

“थांब,” वडील म्हणाले. “तेवढेच पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटले. त्यांनी तिसऱ्यांदा म्हणावयास लाविले. पाठांतरात माझी काही चूक झाली असावी असे वाटून मी घाबरलो. परंतु वडील कंदिलाकडे पाहत बसले होते. त्या रात्री प्रार्थना फार लहान झाली.

मी घोंगडी पांघरून पडलो होतो. झोप लागली नव्हती. आईवडिलांचे हळू आवाजातले बोलणे कानी पडले.

“मी त्याला प्रभूच्या दिवसासाठी बोललो, असे सारे गाव समजते,” वडील म्हणाले. “मीही तसेच समजत होतो. पण गेल्या साली तो रविवारीच बैलबाजाराला गेला होता. तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. मला प्रभूचा दिवस आठवला तो माझे सोमवारचे पाणी गेले तेव्हा.”

आई काही वेळाने म्हणाली, “मग आता?”

“त्याला जाऊन हे सांगावे म्हणतो. रविवारच्या पाण्याबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही, असेही सांगावे म्हणतो.”

“गहू करपेल.”

“करपेल.”

“आणि पोराची बोर्डिंगची फी?”

यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, “म्हणून तर तुला विचारतो आहे. नुकसान एकट्या माझे नाही.”

आईने लगेच होकार दिला नाही, हे मला आजही स्पष्ट आठवते. कंदील मालवल्यावर, अंधारात, ती म्हणाली, “उद्या उपासना झाली की जा. पण उपाशी जाऊ नका.”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वडिलांच्या डोक्यावर टोपली. तीत बाजरीची निवडक कणसे, एक मोठा भोपळा, आणि पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा. आई धाकट्या बहिणीला घेऊन पुढे गेली होती. प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांपाशी आम्ही पोहोचलो तो दुसरी घंटा झाली. वडिलांनी एक पायरी चढून पाऊल मागे घेतले. टोपली खाली ठेविली. “येथे बस. टोपली सांभाळ,” एवढे मला सांगून ते आल्या वाटेने परत चालू लागले. उपासना झाल्यावर जावयाचे ठरले होते. परंतु त्या पायरीवर त्यांना ‘आधी’ हा शब्द आठवला असावा.

मी पायरीवर बसून राहिलो. आत गाणी झाली, वाचन झाले. पाळकसाहेबांच्या लांबलचक प्रार्थनेत मध्येच कोंबडा आरवला आणि आतली मुले हसली. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. पंचाचा मुलगा, आणि सुगीच्या उपासनेला बाहेर! उपासना संपली, लिलाव झाला, लोक पांगले, तेव्हा वडील एकटेच परत आले. काका त्यांच्यासोबत नव्हते. पाळकसाहेब दारातच उभे होते. त्यांनी काही विचारले नाही. वडिलांनी टोपली उचलून रिकाम्या मंदिरात नेली, मेजापुढे ठेविली, आणि गुडघे टेकले. आयुष्यात त्या एका दिवशी आमचे दान सर्वांच्या मागून गेले.

काकांच्या अंगणात काय झाले ते पुष्कळ वर्षांनी मला काकूने सांगितले. काका मोटेचा नाडा दुरुस्त करीत बसले होते. ते उठले नाहीत. वडील उभ्यानेच म्हणाले, “माझे भांडण देवासाठी नव्हते. सोमवारच्या पाण्यासाठी होते. आणि मी त्याला देवाचे नाव दिले. चार माणसांत तुझा अपमान केला. मला क्षमा कर.” काकांनी मान वर केली नाही. खूप वेळाने म्हणाले, “दादा, तुमची उपासना चुकली की. घंटा होऊन गेली.” वडील म्हणाले, “माहीत आहे.” काकूने तांब्याभर पाणी आणून दिले, ते पिऊन वडील परतले. ‘दोघे मिळून दहा वाक्येसुद्धा बोलले नाहीत,’ असे काकू म्हणाली.

हा समेट झाला असे त्या दिवशी कोणालाही म्हणता आले नसते. काका मंदिरात येऊ लागले नाहीत. त्यांनी रविवारी रात्री मोट धरणेही थांबविले नाही. आमच्या सोमवारच्या मोटेत दुपारपर्यंत गाळ येऊ लागे. ओंब्यांत दाणा भरण्यापूर्वीच निम्मा गहू वाळून गेला. जून महिन्यात माझी बोर्डिंगची फी भरावयाची वेळ आली तेव्हा आईने आपली दुभती शेळी विकली. वडिलांनी स्वतः मात्र रविवारी कधी बैल जुंपले नाहीत. त्यांचा तो नेम अखेरपर्यंत टिकला. फरक एवढाच पडला की, तो नेम त्यांनी पुन्हा कधी कोणाच्या अंगावर फेकला नाही.

पुढे मोठेपणी शुभवर्तमाने मन लावून वाचू लागलो, तेव्हा हा ‘आधी’ शब्द मला ठिकठिकाणी भेटू लागला. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिलेला आहे, व त्या भाषेत ‘आधी’ याला ‘प्रोतोन’ असा शब्द आहे. आपल्या महाराष्ट्रातील पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी उतारवयात इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, खेड्यापाड्यांतील साध्या स्त्रियांनाही समजावे म्हणून मूळ भाषांतून शास्त्राचे मराठी भाषांतर केले, हे आपणांस ठाऊकच आहे. मला ग्रीक येत नाही. परंतु जाणत्यांकडून एक एक स्थळ तपासून घेतले, आणि जे आढळले ते पाहून मी चकित झालो.

अन्नवस्त्राच्या चिंतेने व्याकूळ झालेल्या लोकांना प्रभूने देवाच्या राज्याचा व नीतिमत्त्वाचा आधी शोध घेण्यास सांगितले, तेथे हाच शब्द आहे. हे वचन सर्वांना माहीत असते. परंतु वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जा, येथेही हाच शब्द आहे. भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यापूर्वी आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढ, येथेही हाच. प्याला बाहेरून घासण्यापूर्वी आधी आतून स्वच्छ कर, असे परूश्यांना बजाविले, तेथेही हाच. म्हणजे देवाच्या राज्याला पहिली जागा द्यावी हे सांगणाऱ्या गुरूनेच, त्या पहिल्या जागी काय काय येते हेही सांगून ठेविले आहे. भावाचे दुखावलेले मन येते. आपल्या डोळ्यातील मुसळ येते. प्याल्याची आतली बाजू येते. आम्ही मात्र पहिले वचन भिंतीवर टांगितो आणि बाकीची तीन पुस्तकात मिटून ठेवितो.

वेदीच्या त्या दृष्टांतात आणखी एक बारकाई आहे. हे भाषण गालीलात झाले. वेदी होती यरुशलेमेत. गालीलातून यरुशलेमेस पायी जावयाचे म्हणजे तीन-चार दिवसांची वाट. तेथवर दान घेऊन गेलेल्या मनुष्याला जर भाऊ आठवला, तर दान तेथेच सोडून तितकेच दिवस परत चालत यावयाचे, आणि समेट करून पुन्हा जावयाचे! ऐकणाऱ्या गालीलकरांना हा हिशेब सांगावा लागला नसेल. शिवाय प्रभूने असे म्हटले नाही की, तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर जा. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर जा, असे म्हटले. चूक कोणाची, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. माझ्या वडिलांना केवळ अर्धा मैल चालावयाचे होते. आणि तो अर्धा मैल चालावयास त्यांना सुमारे दोन महिने लागले.

देवाला मागची जागा देणारे लोक शुभवर्तमानात आहेतच. प्रभूच्या मागे जावयाचे म्हटले असता, आधी मला घरचे हे उरकून येऊ दे, असे म्हणणारे दोघे लूकच्या नवव्या अध्यायात भेटतात. त्यांचा दोष सर्वांना दिसतो. परंतु दुसरा एक दोष याहून सूक्ष्म आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू अशा लोकांविषयी बोलतो की, जे आपले द्रव्य ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पिलेले आहे असे म्हणून वृद्ध आईबापांना मदत देण्याचे टाळीत. त्यांनी देवाला मागे सारले नव्हते. उलट पुढे केले होते, आणि त्याच्या आड ते स्वतः उभे राहिले होते. आमच्या विहिरीवर हेच घडले. देवाचे नाव सर्वांत पुढे, आणि त्याच्या पाठीमागे सोमवारचे पाणी!

येथे कोणी विद्यार्थी म्हणेल, मग रविवार पाळणे, प्रार्थनेची वेळ पाळणे, हे सर्व व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. तुमच्यापैकी जे खेळाडू आहेत त्यांनी एरिक लिडेल याचे चरित्र वाचावे. हा स्कॉटलंडचा धावपटू. चीनमध्ये मिशनरी मातापित्यांच्या पोटी १९०२ साली जन्मला. १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत असे कळताच त्याने आपली ती आवडती शर्यत सोडून दिली. त्याच्यावर टीका झाली, तरी तो ढळला नाही. चारशे मीटरची शर्यत ही काही त्याची खास शर्यत नव्हे. तीत तो धावला, व ११ जुलै रोजी ४७.६ सेकंदांत ती जिंकून त्याने सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी तो कीर्ती मागे टाकून चीनमध्ये शिक्षक म्हणून गेला. येथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्याला वेइश्येन येथील छावणीत इतर शेकडो परदेशीयांसह कोंडून ठेविले. तेथे पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई. परंतु रविवारी खेळ घेत नसे. एका रविवारी मुले आपली आपणच हॉकी खेळू लागली आणि पंच नसल्यामुळे आपसांत मारामारीवर आली. तेव्हा पुढे रविवारी स्वतः पंच म्हणून उभे राहण्यास तो तयार झाला. ज्याने ऑलिंपिकच्या पदकासाठी रविवार सोडला नाही, त्याने भांडणाऱ्या मुलांसाठी तो सोडला! २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याच छावणीत तो मरण पावला. पॅरिसमध्ये जे त्याच्या मनात पहिले होते, तेच छावणीतही पहिले होते. आपल्या लाभासाठी नेम मोडावयाचा नाही; दुसऱ्याच्या हितासाठी मात्र तो आपल्या अंगावर सोसावयाचा. नेम हा आपल्यासाठी लगाम असतो, दुसऱ्यासाठी चाबूक नव्हे.

आता आईविषयी थोडेसे. बेथानीच्या मार्था व मरिया या बहिणींची गोष्ट सांगताना उपदेशक बहुधा मार्थेला स्वयंपाकघरातून ओढून आणून दोषी ठरवितात. लहानपणी हे ऐकताना मला आईची आठवण होई, व वाईट वाटे. कारण तिने भाकऱ्या थापल्या नसत्या तर आमचे शास्त्रवाचन किती वेळ टिकले असते? परंतु नीट वाचले असता दिसून येते की, प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेविली नाहीत. तिच्या जिवाच्या तगमगीला व बहिणीवरील तक्रारीला ठेविली. योहानाच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, त्याच बेथानीत जेवण झाले. तेथेही मार्था वाढीतच होती. काम तेच, हात तेच. तक्रार मात्र नव्हती. पहिली गोष्ट पहिल्या जागी बसली म्हणजे बाकीचे काम नाहीसे होत नाही; ते आपल्या जागी बसते. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात प्रार्थनाही होती आणि शेती, विहिरी, तेलाचा घाणा, हातमाग व छापखानाही होता. माझ्या आईने त्या रात्री जे केले त्याला मी उपासनेहून कमी समजत नाही. वडिलांनी जाण्यापूर्वी तिला विचारले, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. कारण आपल्या ‘आधी’ची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच्या ताटातून भरली जाते, व ज्याच्या ताटातून ती जाते त्याला विचारण्याचे आपण विसरतो.

१९७२ चा पावसाळा आला आणि गेला. पाऊस आला नाही. त्या दुष्काळाच्या आठवणी तुमच्या आजीआजोबांना विचारा. आई आणि काकू एकाच दुष्काळी कामावर शेजारी शेजारी बसून खडी फोडीत होत्या. १९७३ च्या फेब्रुवारीत एके दिवशी संध्याकाळी काका आमच्या उंबऱ्याशी आले. “दादा, विहीर आणखी खोल करावी लागेल,” ते म्हणाले. “एकट्याने व्हावयाची नाही.” वडील म्हणाले, “आधी आत ये. भाकरी खा.” त्या दिवशी आमच्या घरात प्रथमच शास्त्रवाचनाच्या आधी भाकरी झाली, आणि ती चूक आहे असे कोणालाही वाटले नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा दोन्ही घरची माणसे विहिरीत उतरत होती. मीही दगडमातीच्या पाट्या वाहिल्या. सात-आठ फूट गेल्यावर एका कपारीतून झरा लागला. शेत भिजेल इतका नव्हे. दोन घरची माणसे व चार बैल यांना पिण्यापुरता. देवाने वडिलांना त्यांच्या त्या रविवारचे बक्षीस दिले, असे मी म्हणणार नाही. कारण निम्मा गहू वाळला होता व शेळी गेली होती, आणि वडिलांनी त्याचा हिशेब देवापुढे कधी मांडला नाही. मी एवढेच म्हणतो की, दोन भाऊ बोलत नसते तर ती विहीर कोणी खोदली नसती.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या शाळेत नाना धर्मांची मुले एका बाकावर बसतात. तुमचा प्रार्थनेचा प्रकार कोणताही असो, तुमच्या दिवसात तिला पहिली जागा द्या. सकाळी डोळे उघडताच हात मोबाईलकडे जातो तो थोडा आवरा, व ते पहिले पाच मिनिटे ज्याने तो दिवस दिला त्याला द्या. कफर्णहूमात सायंकाळी रोग्यांची गर्दी होऊन गेल्यावरही प्रभू दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी उठून एकांती प्रार्थनेस गेला, असे मार्क सांगतो. आपल्याला तर त्याहून कमी काम असते. परंतु प्रार्थनेस बसताना जर वर्गातील एखादा मुलगा आठवला, ज्याची तुम्ही चेष्टा केली, ज्याची वही लपविली, ज्याच्यावर खोटा आळ जाऊ दिला, तर समजा की प्रार्थना सुरू झाली आहे. उठा, आणि आधी त्याच्याकडे जाऊन या.

पालकबंधुभगिनींनो, आपणांसही एक विनंती आहे. मुले आपले पाठांतर ऐकत नाहीत. आपला क्रम पाहतात. रविवारी सकाळी उपासना की शिकवणीचा वर्ग, नात्यातील दुरावा की घराची प्रतिष्ठा, हे प्रश्न घराघरात असतात, आणि त्यांची उत्तरे आपण मुलांना शब्दांनी सांगत नाही. माझ्या वडिलांनी मला हजार वेळा सांगितलेला ‘आधी’ मी जवळजवळ विसरलो. त्यांनी एकदाच, काही न बोलता, डोक्यावरची टोपली पायरीवर ठेविली. ती अद्याप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गणितात क्रम चुकला तर पुसून पुन्हा मांडता येते. आयुष्यातही, श्वास आहे तोवर, तसे करिता येते. वडील त्या दिवशी उपासनेला उशिरा पोहोचले. परंतु उत्तर बरोबर आले.

— एक माजी विद्यार्थी व सेवानिवृत्त शिक्षक